बात्सीची डहाळी

"आफ्रा, तुझ्या त्या कार्टीला आज शेवटची संधी!" सेबाल्डनं सकाळी सगळ्या शिकाऱ्यांच्या आणि रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांच्या देखत ठणकावलं. "गेल्या वर्षीसारखा तमाशा झाला, तर हिंटररीडच्या रानातल्या हाक्यात ती पुन्हा दिसता कामा नये. घरी बहीण असशील माझी. इथं मी म्होरक्या आहे."

"बरं, दादा," आफ्रा म्हणाली. म्हणाली खरी, पण तिचा नुसता जळफळाट झाला. चारचौघांत असं बोलायचं काही कारण होतं का?

कार्टी म्हणजे बात्सी. जातीची शिकारी टेरियर, काळी कुळकुळीत, भुवया तेवढ्या तांबूस. उंची आफ्राच्या गुडघ्याच्याही खाली, आणि मस्ती मात्र चार कुत्र्यांची. काय येत नव्हतं तिला? तळ्यात पडलेलं बदक ती पोहून आणायची, बिळातल्या कोल्ह्याला बाहेर हुसकायची, जखमी हरणाचा माग काढायची, आणि घरी परतल्यावर जरा टेकावं की नाही, तर कोठारातल्या घुशींचा समाचार घ्यायला निघायची. आफ्राचा नवरा गेल्यापासून घरात जी काही धावपळ आणि आरडाओरडा होता, तो सगळा तिचाच. तिला हाक्यात बंदी म्हणजे मग करायचं काय? दोघींनी खिडकीत बसून बाहेर बघायचं?

पण गेल्या वर्षी तिनं घोळ घातला होता, हेही खरंच. ऐन हाक्यात रानडुकरं सोडून ती कोल्ह्याच्या बिळात घुसली आणि आतच अडकली. बंदुका खाली ठेवून अख्खी मंडळी फावडी मारत बसली. वाटाण्याचं सूप गारढोण झालं. आणि संध्याकाळी आफ्राला फटके बसले.

फटके म्हणजे तिथली जुनी रीतच. शिकार संपली की मारलेली जनावरं फरच्या झाडाच्या फांद्यांवर ओळीनं मांडायची, दोन्ही बाजूंना शेकोट्या पेटवायच्या, आणि दिवसभरात ज्यानं नियम मोडला असेल त्यानं एखाद्या डुकरावर ओणवं व्हायचं. म्होरक्या रुंद सुऱ्याच्या चपट्या बाजूनं त्याच्या ढुंगणावर तीन फटके देतो आणि बाकीचे हसून लोळतात. सगळा गमतीचा मामला. पण सेबाल्डनं आपल्याला जरा जोरातच हाणले, असं आफ्राचं ठाम मत होतं, आणि वर्षभर ती ते भेटेल त्याला ऐकवत होती.

"आणि नियम ऐका," सेबाल्ड पुढे म्हणाला. "गोळी झाडली, की नेम चुकला असं वाटलं तरी मचाणावरून हलायचं नाही. कुत्रं येऊन जागा हुंगेपर्यंत तिथं कुणी पाऊल ठेवायचं नाही. जखमी जनावर रानात टाकून जो जेवायला बसतो, तो माझ्या लेखी शिकारीच नव्हे."

व्हेंडेलिननं शिंग फुंकलं. हा गावचा गुरांचा डॉक्टर, शिंगही तोच फुंकायचा, आणि दोन्ही कामं सारख्याच तन्मयतेनं करायचा. शिंग वाजलं मात्र, बात्सीनं अशी झेप घेतली की तिचं केशरी चिलखती जाकीट झाडांमागं दिसेनासं झालं!

आणि काय हाका झाला म्हणून सांगू! पलीकडच्या उतारावरून बात्सीचा किनरा आवाज उठला, थांबला, पुन्हा उठला. फांद्या मोडल्या, डुकरांचा कळपच्या कळप ओढा ओलांडून सुसाट निघाला. धाड! धाड! आफ्रा हाकेकऱ्यांबरोबर काट्याकुट्यांतून धावत होती, टोपी कुठं पडली तिला पत्ता नव्हता, आणि तोंडानं एकच चाललं होतं, "हाण पोरी! हाण! बिळाकडं बघू नकोस गं बाई!"

बात्सीनं बिळाकडं ढुंकूनही बघितलं नाही. हाका संपल्याचं शिंग झालं तेव्हा ती जीभ लोंबवत स्वतःहून आफ्राच्या पायाशी येऊन बसली. आफ्राला तिचा पापा घ्यावासा वाटला, आणि तिनं घेतलासुद्धा.

परतताना बात्सीला दोरी लावून आफ्रा सेबाल्डच्या मचाणाजवळून चालली होती. सेबाल्ड केव्हाच खाली उतरून बंदूक आवरत होता. एकाएकी बात्सीनं दोरीला हिसका दिला आणि समोरच्या बीचच्या झाडाखालच्या पाचोळ्यात नाक खुपसलं.

"काही नाही तिथं," सेबाल्ड म्हणाला. "मी एक गोळी झाडली होती. बारकं डुक्कर होतं, वर्षभराचं. नेम चुकला. मी बघून आलोय, थेंबभर रक्त नाही."

"बघून आलास? खाली उतरून? पाचोळा सगळा तुडवून ठेवलास की!"

"म्होरक्या मी आहे की तू?"

बात्सी पान न् पान उलथत होती. शेवटी एका पानाला ती चाटत राहिली. आफ्रानं वाकून बघितलं, तर नखाएवढा हाडाचा तुकडा. तिनं तो भावाच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो पार नाकापाशी नेला, इकडून तिकडून फिरवला आणि म्हणाला, "खडा आहे."

"खडा? दादा, हाड आहे ते!"

"आफ्रा, लोक जेवायला खोळंबलेत. तुझी कार्टी पुन्हा कोल्ह्यामागंच निघालीय. आत्ता माग काढायला गेलीस आणि हात हलवत परत आलीस, तर तिचं नाव कायमचं कटाप. बघ बाई."

आफ्रानं खाली बघितलं. बात्सीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत कोल्हा नव्हता, हे आफ्रा कुणाच्याही शपथेवर सांगायला तयार होती.

"कटाप तर कटाप," ती म्हणाली. "चल गं!"

लांब दोरी ताणत बात्सी निघाली. ओढ्यापर्यंत काही नाही. ओढ्यापलीकडं एका दगडावर रक्ताचा थेंब. पुढे नेच्यांवर आणखी दोन. "बघ! बघ! खडा म्हणे!" आफ्रा मागं न बघता ओरडली, कारण सेबाल्ड धापा टाकत मागून येतोय हे तिला ऐकू येत होतं. काटेरी जाळीपाशी बात्सी थबकली. मानेवरचे केस ताठ उभे राहिले.

बारकं डुक्कर असेल तर बात्सी ते सहज रोखून धरेल, असा हिशेब करून आफ्रानं दोरी सोडली.

दुसऱ्याच क्षणी जाळी फुटली आणि आतून निघाला एकांडा, बोटभर सुळ्यांचा, आफ्राच्या कमरेला लागेल एवढा थोरला डुक्कर! पुढचा पाय लटकत होता, पण उरलेल्या तीन पायांवर त्यानं अशी मुसांडी मारली की बात्सी उडून झुडपात पडली. "बात्सी!" आफ्राची किंकाळी रानभर गेली. पण बात्सी मेली कसली! उठली, जाकीट फाटलेलं, खांद्यावरून रक्त वाहतंय, आणि पुन्हा भुंकत थेट त्याच्या तोंडावर! डुक्कर वळला की ती मागं, तो पुढं आला की ती बाजूला. एवढ्याशा जिवानं तो डोंगर जागच्या जागी फिरवत ठेवला होता.

"मार ना, दादा! तुझ्या समोर आहे!"

सेबाल्डनं बंदूक खांद्याला लावली. नळी इकडून तिकडं फिरत राहिली. त्यानं बंदूक खाली घेतली.

"मला कळत नाही गं," तो म्हणाला. "डुक्कर कुठला आणि बात्सी कुठली, मला कळत नाही. धुकं दिसतं नुसतं. सकाळीसुद्धा... तू मार, आफ्रा."

भावाकडं बघायला वेळ नव्हता. आफ्रानं पाठीवरची आपली बंदूक काढली, श्वास रोखला आणि बात्सी मागच्या अंगाला गेली त्या क्षणी चाप ओढला. डुक्कर दोन ढांगा पुढं आला आणि तिच्या बुटांपासून हातभर अंतरावर कोसळला. बात्सी त्याच्या पाठीवर चढली आणि सगळ्या जंगलाला शिव्या देत उभी राहिली. आफ्रा एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली.

शिकार साधणाऱ्याला मान म्हणून देतात तशी सेबाल्डनं फरची डहाळी तोडली, जनावराच्या रक्तात बुडवली आणि टोपीवर ठेवून बहिणीपुढं धरली. पहिली गोळी त्याची, म्हणजे रीतीप्रमाणं डुक्कर त्याचाच आणि डहाळीचा मानही त्याचाच. पण डहाळी त्यानं ठेवून घेतली नाही. तिचे दोन तुकडे केले, एक आफ्राला दिला, आणि दुसरा खोचायला बात्सीचा पट्टा चाचपत चाचपत शोधला.

"कधीपासून, दादा?" आफ्रानं हळूच विचारलं.

"उन्हाळ्यापासून. कुणाला सांगितलं असतं, तर बंदूक सुटली असती." तो गुडघ्यांवरच बसून राहिला. "तुझी पोर आज माझ्यामुळं गेली असती, आफ्रा."

शेकोट्या पेटल्या तोवर व्हेंडेलिननं बात्सीचा खांदा शिवला होता. टाके घालताना ती कण्हली नाही, उलट त्याच्या खिशातलं सॉसेज तेवढं तिनं लंपास केलं. जनावरं ओळीनं मांडली होती, अगदी टोकाला तो थोरला डुक्कर. म्होरक्या सुरा घेऊन पुढं आला. गुन्हेगार कोण, म्हणून सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"आरोपी सेबाल्ड," सेबाल्ड म्हणाला. "कुत्रं यायच्या आत मचाण सोडलं. जागा तुडवली. जखमी जनावर टाकून जेवायला निघाला. आणि न दिसता गोळी झाडली. डोळे गेलेत माझे, मंडळी. आज सांगून टाकतो."

कुणी हसलं नाही. त्यानं सुरा आफ्राच्या हातात दिला आणि डुकरावर ओणवा झाला.

आफ्रानं पहिला फटका दिला, बेताचा. दुसरा दिला. मग तिला गेलं वर्ष आठवलं, आणि तिसरा तिनं असा हाणला की शेकोटीपलीकडं आवाज गेला.

"अगं ए सटवे! हाड मोडशील!" सेबाल्ड ओरडला.

"हाड कसलं, दादा? खडा असेल!"

तेव्हा कुठं मंडळी हसली, आणि हसता हसता सेबाल्डनं डोळे पुसले. मग त्यानं बंदूक उघडून गोळ्या काढल्या, खिशात टाकल्या आणि रिकामी बंदूक व्हेंडेलिनकडं सोपवली.

"पुढच्या वर्षी मला हाकेकऱ्यांत घे, आफ्रा," तो म्हणाला. "बात्सीची दोरी धरून चालेन. वाट ती दाखवेल."

"मला काय विचारतोस? तिला विचार."

सेबाल्ड शेकोटीपाशी खाली बसला आणि त्यानं हात पुढं केला, जरा भलत्याच दिशेला. बात्सी लंगडत उठली, वळसा घालून त्या हातापर्यंत गेली आणि आपलं डोकं त्याच्याखाली सारलं.