पंच्याण्णव टक्क्यांवरची सही

आरोग्य खात्यातल्या आकडेतज्ज्ञ बाईंना सगळे त्यांच्यामागे नकारघंटा म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. एवढ्या होयबांच्या गर्दीत कोणीतरी वाजायला नको?

त्या दिवशी संचालक कागद नाचवतच आत आले. साथीवरची नवी लस येऊन जेमतेम दोन महिने झालेले, आणि चाचणी केंद्रांच्या नोंदी सांगत होत्या की लस घेतलेल्यांत आजार पंच्याण्णव टक्के कमी. संध्याकाळी पत्रकार परिषद. बाईंनी सही केली की मास्क उतरणार, निर्बंध उठणार आणि साहेबांची छाती फुगणार.

बाईंनी पेन उघडलंही होतं. तेवढ्यात बाबांचा फोन आला. बोलण्यापेक्षा खोकणंच जास्त.

"बाबा, आधी चाचणी करून घ्या."

"मी कशाला? मला लस मिळालीय! आमच्या पत्त्यांच्या कंपूत सगळेच खोकतायत. कोणी गेलंय का चाचणीला?"

"म्हणजे पत्तेही चालूच आहेत?"

"मग? लस काय शोभेला घेतली?"

बाबांना दटावून त्यांनी चाचणीला पिटाळलं आणि पेनाला टोपण लावलं. घोडं इथेच पेंड खात होतं! लस घेतलेला माणूस खोकला तरी केंद्राकडे फिरकत नव्हता. मग त्याचा आजार नोंदीत येणार कुठून? त्यांनी केंद्रांना फोन लावले. "आजारी किती निघाले ते राहू द्या, चाचणीला आले किती ते सांगा." सगळीकडून एकच उत्तर आलं. लस घेतलेले फारसे येतच नाहीत.

"मी सही करणार नाही," बाईंनी संचालकांना तोंडावर सांगितलं.

"बाई, लोक कंटाळलेत. त्यांना धीर हवाय. तुम्ही काय लसीच्या विरोधात आहात?"

"पहिल्या दिवशी रांगेत उभी राहून घेतलीय मी. लस चांगलीच असेल, साहेब. हा आकडा चांगला नाही. इस्पितळात दाखल झालेल्यांवरून हिशोब करू. तिथे अत्यवस्थ माणूस येतोच, लस घेतलेला असो वा नसो. पण त्याला थोडे आठवडे द्यावे लागतील."

"सही दुसरं कोणीही करेल. तुमच्या खुर्चीचंही बघू मग."

"खुशाल बघा."

बाई संतापल्या होत्या. घाबरल्याही होत्या, नाही असं नाही. पण मूग गिळून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. संध्याकाळी त्या न बोलावता सभागृहात पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. संचालकांनी पंच्याण्णव म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि एका पत्रकाराने विचारलं, "म्हणजे लस घेतलेल्यांनी आता बिनधास्त फिरायचं?"

संचालक हो म्हणणार, तोच बाई उभ्या राहिल्या. माइक मिळणार नव्हताच. त्यांनी आवाज चढवला.

"अजिबात नाही! लस जरूर घ्या, पण हा आकडा कच्चा आहे. लस घेतलेले चाचणीलाच येत नाहीत, म्हणून तो एवढा गोंडस दिसतोय. माझ्या वडिलांनी लस घेतलीय. आज मी त्यांना बळजबरीने चाचणीला पाठवलं. त्यांना आजार निघालाय."

"बाई, खाली बसा," संचालक पुटपुटले.

"कसे आहेत ते?" पत्रकाराने विचारलं.

"घरी आहेत. इस्पितळात न्यावं लागलेलं नाही." बाई अजूनही उभ्याच होत्या. "ही लसीची कृपा आहे की आमचं नशीब, ते मला अजून माहीत नाही. माझ्या बापाच्या बाबतीतही मी ठोकून देणार नाही."