सावरीची अकरा पानं

सात जणांना एका चौकटीत उभं करणं किती अवघड असतं, हे कागदावर कळत नाही. कागदावर चित्रकार एकाला हवेत टांगतो, दुसऱ्याला कोपऱ्यात बारीक करतो आणि सगळे बिनबोभाट मावतात. खरीखुरी सात माणसं कॅमेऱ्यासमोर उभी केली, की ती जगाला वाचवायला निघालेली न वाटता शाळेच्या ग्रुप फोटोला थांबलेली वाटतात. 'बिनीचे सात' या जुन्या चित्रकथेवर मालिका करायला घेतली, तेव्हा पहिल्याच चाचणीत हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्या दुपारी बैठकीत दिग्दर्शिका म्हणाली, "सात फार होतात. एक कमी करता येईल, की मी दुसरा काही मार्ग काढू?"

प्रश्न सगळ्यांना होता. उत्तर लेखकाने दिलं.

लेखक चाळिशीचा. आजवर त्याने दुसऱ्यांनी सुरू केलेल्या कौटुंबिक मालिका पुढे ढकलण्याचं काम केलं होतं. सासूला आजारी पाडायचं आणि बरं करायचं. मुख्य लेखक म्हणून त्याचं नाव पहिल्यांदाच लागणार होतं, आणि मुख्य लेखकाने तडकाफडकी निर्णय घ्यायचा असतो, असं त्याला कुठून तरी वाटत होतं. सगळे आपापले कागद चाळत असताना तो म्हणाला, "सावरीला काढू."

बिनीच्या सात जणांत वज्रमूठ भिंती फोडायचा, भिंगरी वाऱ्यासारखी पळायची, धुकट दिसेनासा व्हायचा. सावरी यातलं काहीच करायची नाही. लढाई संपली की ती जखमी माणसाच्या कपाळावर हात ठेवायची आणि त्याची वेदना स्वतःवर घ्यायची. बस्स.

दिग्दर्शिकेने पेन्सिल खाली ठेवली. "मला तर तीच सगळ्यांत जास्त आवडते," ती म्हणाली.

तिथे थांबता आलं असतं. पण शब्द एकदा तोंडातून गेला की माणूस त्याचा गुलाम होतो. लेखक अर्धा तास बोलत राहिला. वेदना पडद्यावर दिसत नाही, बाकीचे हाणामारी करत असताना ही मागे नुसती उभी राहणार, लोक विचारतील ही बाई करते काय, असे एकेक मुद्दे त्याने मांडले, आणि बोलता बोलता ते त्याला स्वतःलाही पटत गेले. शेवटी दिग्दर्शिका म्हणाली, की तू ही चित्रकथा लहानपणापासून वाचलीस, तू म्हणतोस तर असेल. मालिकेच्या नावातला 'सात' गळाला. नुसतं 'बिनीचे' राहिलं. बाहेर पडताना दोघातिघांनी लेखकाच्या पाठीवर थाप मारली.

एक गोष्ट त्याने बैठकीत सांगितली नव्हती. त्याने शब्द दिला होता.

'बिनीचे सात' एकाच माणसाने एकवीस वर्षं काढली होती. आता तो सत्तरीत होता. पंधरा वर्षांच्या ओळखीतून लेखक त्याला काका म्हणायचा. मालिकेला परवानगी देताना काकांनी एकच अट घातली होती. कपडे बदला, गोष्टी बदला, वज्रमूठला टक्कल करा, पण सावरीला हात लावू नकोस, एवढंच ते म्हणाले होते, आणि लेखकाने काही झालं तरी लावणार नाही, असं सांगितलं होतं.

कारण सावरी म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. तिने चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती खिडकीजवळच्या खुर्चीतच असायची. काकांची बहीण म्हणून लेखक तिला आत्या म्हणे. मालिकेचं ठरलं तेव्हा तिने त्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, "नटी उंच बघा हं. सुंदर नसली तरी चालेल. मी उंच होते."

बैठकीनंतर चौथ्या दिवशी तो त्यांच्याकडे गेला. जिना चढेपर्यंत खरं सांगायचं पक्कं होतं. दार उघडलं, काकांच्या हातात सवयीने टोक केलेली पेन्सिल होती, आत्याने आतूनच हाक मारली, आणि त्याचं अवसान गळालं.

"सावरी गेली, काका," तो म्हणाला. "चॅनेलवाल्यांनी काढली. मी खूप भांडलो."

हे शेवटचं वाक्य त्याच्याकडे कोणी मागितलं नव्हतं.

 काका पेन्सिलीचं टोक बोटावर दाबून बघत राहिले. आत्यानेच त्याचा हात ओढून त्याला शेजारी बसवलं. तू जिवाला लावून घेऊ नकोस, ती म्हणाली, मोठ्यांच्या कारभारात तुझ्या हातात होतं काय? चेहरा बघ कसा उतरलाय पोराचा. तिने भावाला चहा टाकायला लावला. लेखकाने तो चहा प्यायला.

दोन आठवड्यांनी काकांचा फोन आला. तो गेला तेव्हा त्यांनी एक जाड लिफाफा त्याच्यापुढे ठेवला. आत अकरा पानं होती. गेली आठ वर्षं काकांचा हात थरथरायचा, चित्रं काढणं त्यांनी सोडलंच होतं. ही अकरा पानं त्यांनी उजवं मनगट डाव्या हाताने धरून काढली होती.

"वेदना कशी दाखवायची, एवढाच प्रश्न असेल ना त्यांचा?" काका म्हणाले. "मग हे त्यांच्यापुढे टाक. तू आमच्यासाठी भांडतोयस, तुझ्या हातात काहीतरी हत्यार नको?"

लेखकाने ती पानं घरी जाताना बसमध्ये पाहिली. वज्रमूठ खाटेवर तळमळतोय, तोंड उघडं. सावरीचा हात त्याच्या कपाळावर येतो. खाली काकांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, 'इथे सगळा आवाज बंद.' त्याचा चेहरा सैल पडतो. सावरीच्या चेहऱ्यावर काहीच नाही, ती त्याच्याकडे बघून हसतेय. मग पुढचं चित्र फक्त जमिनीचं. खाटेचे पाय, आणि सावरीच्या चपलेत आत वळलेली, पांढरी पडलेली पायाची बोटं. आवाज परत येतो तो दाराबाहेरून, कुणीतरी तिलाच पुन्हा हाक मारतंय. रेघ जागोजाग थरथरली होती, पण सावरीच्या पायापाशी काकांनी ती कशी कोण जाणे सरळ धरली होती. लेखक आपल्या थांब्याच्या दोन थांबे पुढे गेला.

घरी बायकोने टेबलावर पानं पाहिली. ती एरवी त्याच्या कामात पडायची नाही. तिने अकराही पानं उभ्यानेच बघितली आणि विचारलं, "हे घेणार ना तुम्ही?"

"बघू," तो म्हणाला.

बघण्यासारखं काही नव्हतं. चित्रीकरणाला नऊ दिवस होते, आणि सावरीला परत आणायला तेवढे पुरेसे होते. पानं दिग्दर्शिकेपुढे ठेवली असती, तर तिने त्याच दिवशी नटी शोधायला माणूस पाठवला असता. पण मग तिने काकांना फोन केला असता आणि नंतर विचारलं असतं, चित्रकार म्हणतात तू सावरीसाठी चॅनेलशी भांडलास, कधी भांडलास रे? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. लेखक रोज तो लिफाफा बॅगेत घालून ऑफिसला नेई. दिग्दर्शिकेच्या खोलीचं दार सताड उघडं असे. तो दारापर्यंत जाई, संवादातली एखादी दुरुस्ती विचारी आणि परत येई. लिफाफ्याचे कोपरे मऊ पडले. एकदा काकांनी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दाखवली. विचार करतो म्हणालेत."

चित्रीकरण सुरू झालं. सहा जणांचे कपडे शिवून आले. भिंगरीला दोरावर टांगून पळवलं, वज्रमूठने थर्माकोलची भिंत फोडली. सगळं छान होत होतं. प्रत्येक लढाईनंतर जखमी नट उठून कपडे झटकायचे आणि पाणी प्यायला जायचे, आणि लेखकाला वाटायचं की इथे काहीतरी व्हायला हवं होतं. चौथ्या भागाच्या वेळी दिग्दर्शिकाही मॉनिटरकडे बघत म्हणाली, की मारामारी संपली की आपली गोष्टही संपते, मधे श्वास नाही. लेखकाने बॅग खुर्चीखाली सरकवली.

एका मंगळवारी ती त्याला सहज म्हणाली, की तिने चित्रकाराला स्वतः फोन केलाय. गुरुवारी ते आणि त्यांची बहीण सेटवर येणार आहेत. "सावरी गेली त्याबद्दल मला त्यांच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "त्यांना वाटायला नको की आम्ही विचार न करता काढली."

बुधवारी दुपारी लेखक काकांच्या घरी गेला. काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत होते. आत्याचे ठेवणीतले कपडे खुर्चीच्या पाठीवर इस्त्री करून टाकले होते. तिने त्याला बघताच विचारलं, की सेटवर चाकाची खुर्ची जाईल ना, पायऱ्या किती आहेत?

तो बसला नाही. उभ्यानेच बोलला. चॅनेलवाल्यांनी नाही, मीच काढली. दिग्दर्शिकेला ती हवी होती, मी अर्धा तास घालून तिचं मन वळवलं. पानं मी कुणाला दाखवली नाहीत. हे सगळं सांगायला मिनिटभरही लागलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण दोन महिने झोप घालवली, असा एक विचित्र विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

काकांनी ब्रश डबीवर ठेवला. 

"उद्याचं बोलावणं आलं नसतं," ते म्हणाले, "तर सांगितलं असतंस?"

लेखकाने हो म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाही," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली, हिशेब जुळावा तशी. त्यांनी बोटं फडक्याला पुसली आणि हात पुढे केला. लेखकाने बॅगेतून लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. ते पानं घेऊन आतल्या खोलीत गेले, बाहेर आले नाहीत.

आत्या खिडकीकडे बघत होती. तो निघाला तशी म्हणाली, "वॉर्डात चुकणारे पुष्कळ पाहिले मी. चूक कुणाला चुकलीय? पेशंट वाचवता येत असताना गप्प बसणारे मात्र दोनच पाहिले. त्यांची नावं अजून लक्षात आहेत माझ्या." तिचा आवाज चढला नव्हता, औषधाची वेळ सांगावी तसा होता. "दार ओढून घे जाताना."

तिथून तो तडक ऑफिसला गेला. दिग्दर्शिकेच्या उघड्या दारातून आत शिरला आणि तिलाही सगळं सांगितलं. तिने मधे एकदाच विचारलं, की पानं कशी होती? त्याने पायाच्या बोटांचं चित्र सांगितलं. तिने चष्मा काढून डोळे चोळले. पाच भाग झाले होते, सहा जणांवर पोस्टर छापली गेली होती, आता काही होण्यासारखं नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की राहिलेले भाग लिहून दे, पुढच्या खेपेला मी दुसरं कोणीतरी बघते.

गुरुवारी काका सेटवर आले, एकटेच. पॉलिश केलेले बूट घालून. लेखकाला वाटलं होतं, ते येणार नाहीत, किंवा येऊन चारचौघांत बोलतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, भिंगरीच्या दोराचा हुक कुठे लपवलाय ते कुतूहलाने पाहिलं, नटांनी सह्या मागितल्या त्या मनगट धरून दिल्या. दिग्दर्शिका त्यांना बाजूला घेऊन बोलली, तेव्हा त्यांनी तिचा हात थोपटला. मग ते लेखकापाशी आले.

"तुमचं काम चांगलं चाललंय," काका म्हणाले. "संवाद सुटसुटीत केलेत तुम्ही."

शेजारी उभ्या असलेल्या नटाला ते कौतुक वाटलं. तो हसून म्हणाला, वा, प्रत्यक्ष चित्रकाराकडून शाबासकी. लेखकाच्या कानात मात्र तो 'तुम्ही' शिरला तो शिरलाच. पंधरा वर्षं या माणसाने त्याला अरेतुरे केलं होतं.

मालिका चालली. घराघरांत पोरं थर्माकोल फोडू लागली. सावरी कुठे गेली, असं विचारणारी पत्रंही आली, पाच-पन्नास, जुन्या वाचकांची. चॅनेलने ती लेखकाकडे पाठवून दिली. उत्तर देणं त्याच्या कामात मोडत नव्हतं, पण त्याने एकेका पत्राला हाताने उत्तर लिहिलं. सावरीला मी काढलं, चूक माझी, असं स्वच्छ लिहून खाली सही केली. काहींनी उलट टपाली शिव्या पाठवल्या. एका बाईने लिहिलं, की लहानपणी आजारात सावरीचं पान उशाशी घेऊन झोपायचे.

ते पत्र त्याने काकांच्या पत्त्यावर पाठवलं, सोबत दोन ओळी लिहून. महिनाभर काही आलं नाही. मग एक कार्ड आलं. 'पत्र बहिणीला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले. आणखी अशी आल्यास पाठवावीत. आपण स्वतः येण्याची गरज नाही.'

लेखकाने ते कार्ड बायकोला दाखवलं. मग टेबलाशी बसून त्याने उरलेली पत्रं एका बाजूला सारखी केली, आणि पाकिटावर काकांचा पत्ता लिहायला घेतला.