झुंबरबाईचा दगड

ज्या ड्रायव्हरच्या गाडीची काच झुंबरबाईनं फोडली, त्याच ड्रायव्हरला तिचा नवरा रोज सकाळी फाट्यावर चहा पाजत होता, आणि तोही घरच्या म्हशीच्या दुधाचा. दूध कमी भरतंय म्हणून आठ दिवस तिनं मांजराला शिव्या घातल्या होत्या. मांजर बिचारं निर्दोष निघालं. शेजारची रूपाली गवताचा भारा डोक्यावर घेऊनच ओट्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई, मामा लई मायेनं पाजून राह्यले बरं का त्या डायव्हरला. कपबशीत."

"बशीत?" झुंबरबाई म्हणाली. "पन्नास वर्षं झाली लग्नाला, मला ह्या मानसानं कधी बशी न्हाई दिली."

दुधाचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते इज्जतीचं. तिनं दगड मारायचा आणि नवऱ्यानं मागून जाऊन माफी मागायची, म्हणजे दगडाची किंमत काय राहिली?

त्या दगडामागं तीन महिने होते. वाटूरच्या अलीकडं त्यांचा फाटा. तिथून गावातल्या अकरा पोरी परतूरच्या कॉलेजात जायच्या, त्यात झुंबरबाईची नात अर्पिता. पासवाल्या पोरी म्हणजे एसटीच्या लेखी रस्त्याकडेच्या बाभळी. आठची गाडी यायची, ड्रायव्हर काचेमागून हात मागं करून दाखवायचा, म्हणजे मागून दुसरी येतीय, आणि धूळ उडवून निघून जायचा. मागून काहीच यायचं नाही. शेवटी अर्पिताचा बाप कल्याण म्हणायला लागला, "रोज उन्हात उभं राहून परत येण्यापेक्षा घरीच बस. पाव्हणे बघू." त्या दिवसापासून पोरीनं दप्तर खुंटीला लावलं ते उतरवलंच नाही.

तिचा नवरा बद्रीनाथ ह्या तीन महिन्यांत स्वस्थ नव्हता. त्यानं चार अर्ज लिहिले. अक्षर मोत्यासारखं, सुरुवातीला 'माननीय' आणि शेवटी 'आपला नम्र'. झुंबरबाई दुसरीतून शाळा सोडून गोवऱ्या थापायला लागलेली बाई, पण नम्र माणसासाठी गाडी थांबत नाही एवढं तिला न वाचता कळत होतं.

मग एका सोमवारी तिनं खुंटीवरचं दप्तर काढलं, नातीच्या खांद्याला अडकवलं आणि स्वतः तिच्याबरोबर फाट्यावर गेली. थांब्यावर नेमका कापसाचा टेम्पो उभा होता. आठची गाडी आली. काचेमागं हात हलला. हात दिसला आणि झुंबरबाई रस्त्याच्या कामाच्या खडीकडं वाकली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तिचा नेम चुकला नाही. काच तडकली, गाडी थांबली, पोरी पळत जाऊन चढल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच गाड्या थांबायला लागल्या. दुपारची, संध्याकाळची, अगदी 'जलद' लिहिलेली सुद्धा. सरपंच काकासाहेब, जे तीन महिने 'बघू' म्हणत होते, ते पारावर म्हणाले, "ग्रामसभेच्या ठरावानं झालं नसतं ते काकूनं केलं." गिरणीवर बायांनी तिचं दळण पहिलं लावलं. आणि घरचा धनी त्या ड्रायव्हरला बशीतून चहा पाजत होता.

रूपालीनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती न सांगता फाट्यावर गेली. बद्रीनाथ किटली घेऊन उभाच होता. तिला बघून त्यानं किटली पाठीमागं धरली.

"लपवू नका. वाफ दिसून राह्यली," ती म्हणाली. "कुठं हाय तुमचा जावई?"

आठची गाडी आली, थांबली, पोरी चढायला लागल्या. ड्रायव्हर खाली उतरला. पंचविशीचा पोरगा, शर्टावर मिथुन नावाची पट्टी. उजव्या भुवईवर चार टाके. झुंबरबाईनं ते टाके पाहिले आणि तयार करून आणलेलं पहिलं वाक्य विसरली. काच फुटली हे तिला माहीत होतं. काचेच्या मागं कपाळ असतं हे तिनं धरलंच नव्हतं.

"तूच का रे मागं हात दाखवणारा?" तरी तिनं विचारलं.

"मागं कुठं, आजी?" मिथुननं बशी तोंडाला लावली. "तो आमचा जुना गडी. त्याची बदली झाल्ती. माझा तो पहिलाच दिवस. थांब्यावर टेम्पो लागल्ता, म्हणून मी पोरींना हात करून राह्यलो होतो, की पुढं थांबतो, पुढं या." त्यानं हात करून दाखवला. पंजा पुढच्या बाजूला. "तुमी मागं समजल्या."

झुंबरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बद्रीनाथ किटलीच्या झाकणाकडं बघत होता.

"म्हणजे तू थांबणारच होतास."

"ब्रेकवर पाय होता. दगड आल्यावर कचकन लागला, एवढंच."

"मंग पोलिसात नाव काहून न्हाई दिलं माझं? हिरवं लुगडं तर दिसलं आसंल तुला."

"नेमबी दिसला." तो हसला. "दगडफेक लिहिली आसती, तर डेपोनं ही फेरीच बंद केली आसती. मंग ह्या पोरी कशानं जातेत? लिहिलं, पुढच्या ट्रकच्या टायरखालून खडा उडाला."

"आन बाकीच्या गाड्या? त्या थांबल्या त्या तुझ्या मायेनं का?"

"न्हाई, आजी. खोटं कशाला बोलू. त्या भ्यायल्या. मला सगळे विचारतेत, खरंच खडा होता का? मी म्हणतो, खडाच, पण त्या फाट्यावर लई उडतेत." त्यानं बशी परत दिली. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून अर्पितानं हात हलवला, आणि गाडी गेली.

दोघं रस्त्याकडेला राहिले.

"तुमाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. डेपोत गेल्तो."

"अर्ज घेऊन."

"चौथा अर्ज घेऊन," तो म्हणाला. "तिथं ह्याच्या कपाळाला पट्टी दिसली. विचारलं, तर सगळं सांगितलं पोरानं."

"आन मला सांगितलं न्हाई."

"गिरणीवर तुझं दळण पहिलं लागून राह्यलं होतं. अर्पिता घरात गाणं म्हणायली. तू जेवताना दोनदा हसलीस. मंग कसं सांगू?" त्यानं किटली खाली ठेवली. "पण आता तूच सांग, झुंबर. दगड बराबर पडला का चुकला? आठ दिवस झाले, मला ठरवता येईना."

झुंबरबाईनं पदर खोचला. खडीच्या ढिगाकडं एकदा पाहिलं, आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऐका. गाड्या थांबल्या त्या माझ्या दगडानं. हे मी बिलकुल सोडणार न्हाई, काकासाहेबापुढं न्हाई आन देवापुढंबी न्हाई. पण लागला तो थांबणाऱ्याला, आन गाड्या चालू राह्यल्या त्या त्यानं तोंड मिटलं म्हणून. ते टाके मला आता रोज दिसणार. उद्या मी त्याच्या पाया पडते, वयानं ल्हान हाय तरी. पण तुमी सुटले आसं समजू नका. चार अर्ज लिहिले तुमी, चारी बसून. एक दिवस, एकच दिवस, ह्या रस्त्यात आडवे उभे राह्यले आसते, तर तुमच्या बाजूला मी उभी राह्यले आसते, अकरा पोरी राह्यल्या आसत्या, आन मला खडीकडं वाकायची पाळी आली नसती. तुमी चांगले हायेत, पण लई हळू चांगले हायेत. तवा तो निम्मा दगड तुमचा हाय. चला आता घरी."