उजवीकडचं बटण

"ह्या लाल कसला पेटला रे? तुझो कॉम्प्युटर माझ्यार डोळे वटारता," भाई म्हणाला आणि खोकत बसला.

"गप ऱ्हव मेल्या. तुझो आवाज पकडता हा तो," लवूने सांगितलं. "आता बोल."

लग्न असो की नवी होडी पाण्यात लोटायची असो, सगळ्या वाडीच्या वतीने देवाला हाक मारून गाऱ्हाणं घालायचं ते भाईनेच. कुठल्या देवाचं नाव कुणानंतर घ्यायचं, हे त्याच्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नव्हतं. उद्या गोव्याला त्याच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

लवूने जामसंड्याच्या वाचनालयात चौतीस वर्षं पुस्तकं दिली. त्याच्याकडे फोन होता तो बटणांचा. कॉम्प्युटर पुतण्याने, मितेशने, दिलेला. मितेशने त्यात मोफत मिळणारी सिस्टीम घालून काकाच्या डोळ्यांना झेपेल असा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, निवडला होता. अक्षरं ठसठशीत. आणि काहीही बंद करताना प्रश्न आला, की उजवीकडचं बटण म्हणजे 'जपून ठेव'. एवढं एक लवूने पाठ केलं होतं.

आवाज पकडायचं अॅप त्याने सकाळीच सॉफ्टवेअर स्टोअरमधून घेतलं. यादीत पहिलं होतं ते. उघडलं तर अक्षरं मुंगीएवढी, नेहमीच्या जागी काहीच नाही. आपल्यालाच समजत नसेल, असं वाटून त्याने मितेशला विचारलं नव्हतं.

भाईने हात जोडले. एकेका देवाला हाक मारत तो बसल्या जागी सगळ्या गावाभोवती फिरून आला. शेवटी आवाज चिरकला तरी थांबला नाही. "बा देवा म्हाराजा, उद्या माझ्या मानेर सुरी फिरतली. माझो आवाज गेलो तरी वाडीचो शब्द तुझ्या कानार पडत ऱ्हवांदे."

"होय म्हाराजा," लवू एकटाच म्हणाला. एरवी हे म्हणायला पन्नास माणसं असत.

"मिळालो?" भाईने विचारलं.

"मिळालो." लवूने अॅपची खिडकी बंद केली. बारीक अक्षरांत प्रश्न आला. त्याने उजवीकडचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाईचं ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आल्यावर, त्याने ते ऐकायला कॉम्प्युटर लावला. काही नव्हतं. सगळे कप्पे उघडून पाहिले आणि मग मितेशला पुण्याला फोन केला.

"काका, ता अॅप दुसऱ्या डेस्कटॉपासाठी केल्ला. तेच्यात उजवीकडे 'टाकून दे' आसता. तुमच्या डेस्कटॉपाचा यादीत अकराव्या नंबरार होता."

"मगे माका पयला कित्या दाखवल्यान?"

"जा जास्त लोक घेतत, ता वर. घेणाऱ्याचो डेस्कटॉप खयचो, ता स्टोअर बघणाच नाय. खरा म्हणजे बघूक होया."

 लवू हळू म्हणाला, "मी माणसाचा तोंड बघून पुस्तक देय रे. म्हाताऱ्याक बारीक अक्षराचा कधी दिलंय नाय. मोठ्या अक्षराचा फळीच्या मागे असला तरी काढून देय."

"तुमची चूक नाय, काका."

"बटण मीच दाबलंय मा?"

त्या संध्याकाळी त्याने स्टोअरवाल्यांना चार ओळी लिहिल्या. घेणाऱ्याचा डेस्कटॉप आधी पाहावा, त्याला जुळेल ते वर ठेवावं, बाकीचं खाली असू द्यावं. आपण कोण सांगणारे, म्हणून पुसल्या. परत लिहिल्या. शेवटी डोळे मिटून पाठवल्या.

तीन आठवड्यांनी भाई आला. मानेला पांढरी पट्टी, खिशात वही. खुर्चीत बसून त्याने लिहिलं, 'ऐकव.'

लवूने खाली बघत सगळं सांगितलं. अकरावा नंबर, उजवं, डावं. सांगताना त्यालाच ते हास्यास्पद वाटायला लागलं. "माझ्या हातान गेला, भाई," एवढं म्हणून तो थांबला.

भाईचे खांदे हलायला लागले.

साठ वर्षांच्या मैत्रीत लवूला हे कधी वर बघून ठरवावं लागलं नव्हतं. भाई हसला तर माडावरचे कावळे उडत, रडला तर शेजारची माणसं येत. आता खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. लवू उठला, जवळ गेला आणि भाई हसतोय की रडतोय हे कळावं म्हणून त्याच्या तोंडाशी वाकून बघू लागला.