चादरीचं दुसरं टोक

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. ताई आपली टोकं धरून उभी राहायची आणि धाकटी आपली टोकं घेऊन तिच्यापर्यंत चालत जायची. "ये गं, पायांना मेंदी लावलीस का?" ताई ओरडायची. हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती.

ताई बाळंतपणात गेली. पोरगी धाकटीच्या पदरात पडली. कामावरही सोबत यायची, इस्त्रीच्या टेबलाशेजारी टोपलीत निजायची. सगळे म्हणत, ताई देवाघरी गेली. धाकटीला देव पटेना, आणि जगणंही.

एके दुपारी ती एकटीच घडी घालत असताना वाफेत चादरीचं पलीकडचं टोक आपसूक उचललं गेलं. ताणलंही गेलं, अगदी ताईसारखं, जरा डावीकडे झुकून. पंख्याचा वारा असेल, धाकटी स्वतःशीच म्हणाली. पंखा बंद होता.

मग ती रोज एक घडी जास्त घालू लागली. घडीगणिक दोन्ही टोकांमधलं अंतर निम्मं व्हायचं. शेवटच्या घडीला हाताला हात लागतो. तो लागला की परत यायचं नाही, हे कुणी न सांगताच तिला कळलं होतं. खरं तर तिला तेच हवं होतं.

"एकटीच काय नाचतेस गं चादरीबरोबर?" इस्त्रीवाल्या मावशी हसायच्या.

आज तेवढी एकच घडी उरली. समोरून गारवा येत होता.

"ये गं." ताईचाच आवाज.

धाकटीने पाऊल उचललं आणि सवयीने बोलून गेली, "ताई, तुझ्या पोरीला दात आला. कडकडून चावली मला."

चादर तेवढी ओढली गेली.

"ऐकलंस ना? दात आला."

"ये गं."

धाकटीचं पाऊल थबकलं. पोर पोटात होती तेव्हा ताई तिच्याशी तासन्‌तास बोलायची. म्हणजे ही ताई नव्हती. नाहीतर ताईच होती, आणि तिकडे गेल्यावर माणसाला आपलं लेकरूही आठवत नव्हतं. खरं काय ते देव जाणे, असलाच तर. पण मग तिकडे जाऊन करायचं काय?

"मी नाही येत," ती म्हणाली. तिने टोकं सोडली.

चादर लगेच खाली पडली नाही. धाकटी बघत थांबली नाही; टोपलीतून पोरीला उचलून मावशींना जाऊन बिलगली.

"मावशी, उद्यापासून घड्या घालायला तुम्ही याल?"

"येईन की," मावशी म्हणाल्या. नजर मात्र धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे लागली होती.