तोड्याची बंदूक आणि बाळंतिणीची खोली

पुंजाराम पाटलाच्या घरात त्या साली माणसांना जागा नव्हती. कापूस होता. माजघरात कापूस, ओसरीवर कापूस, गोठ्यात कापूस, देवघरात देवांच्या नाकापर्यंत कापूस. बैल बाहेर, माणसं बाहेर, आणि पाटलीणबाई मनकर्णेची चूल तर कधीपासूनच अंगणातल्या कडुनिंबाखाली. कारण कापसाच्या घरात इस्तो, म्हणजे विस्तव, न्यायचा म्हणजे आपल्या हातानं होळी पेटवायची. घरधनी चिलीमसुद्धा वेशीबाहेर जाऊन ओढायचा.

भाव चढत होता म्हणून पाटील विकत नव्हता. तिकडे अमेरिकेत भाऊबंदांत लढाई लागलीय, त्यांचा कापूस विलायतेला जात नाही, म्हणून आपल्याला सोन्याचे दिवस आलेत, हे त्याला अमरावतीच्या दलालानं सांगितलं होतं. तेव्हापासून पाटील रोज मारुतीपुढं हात जोडायचा, "देवा, त्याईचं भांडन इतक्यात मिटू देऊ नोको." मनकर्णा कपाळावर हात मारून घ्यायची. दुसऱ्याच्या घरात भांडण राहावं म्हणून नवस बोलणारा नवरा नेमका तिच्याच पदरी यावा!

तिचा जीव भावात नव्हता, लेकीत होता. सुभद्रा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतिणीला खोली लागते आणि खोलीत शेगडी लागते. बाजेखाली इस्तो, ओव्याची धुरी, पोराला शेक. त्यात पौषाची हाडं गोठवणारी थंडी. मनकर्णेचं स्वतःचं पहिलं पोर अशाच एका पौषात गार खोलीत गारठून गेलं होतं. बिचाऱ्याचं नाव ठेवायचंही राहिलं. त्यावर ती कधी बोलत नसे, पण लेकीचं पोट पाहिलं की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

"अवो, कोपऱ्यातली एक खोली तं मोकळी करा," ती म्हणायची.

"करू न. भाव अजून थोडा चढू दे," पाटील म्हणायचा.

तेवढ्यात तेल्हाऱ्याकडे दरोडा पडल्याची बातमी आली आणि पाटलाची झोप उडाली. मनकर्णा म्हणाली, "कुत्रं पाळा."

"कुत्रं? अन् लोक काय म्हनतीन? पाटलाचं घर कुत्रं राखते?"

"मंग कापूस इकून टाका. नसल्या कापसाले कोन चोर येते?"

हे तर पाटलाला अभद्रच वाटलं. "बंदूक आनतो," तो म्हणाला. आता बायकोचं शहाणपण पहिल्या फटक्यात ऐकेल तो पाटील कसला! सायबाच्या कचेरीत हेलपाटे घालून त्यानं परवाना मिळवला आणि गाडी जुंपली. ओवा, डिंक, बाळंतकाढ्याचं सामान घ्यायचं होतं, म्हणून मनकर्णाही बरोबर निघाली.

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत दाऊद बंदूकवाल्याचं दुकान होतं. दाऊदनं आधी पाटलाला बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, "पाटील, राखायचं काय हाय?"

"कापूस."

"किती?"

"घरभर."

दाऊदनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "तौबा, तौबा! अन् कापसात बंदूक चालवनार तुमी?"

"म्हनून तं म्हनतो, मले अशी बंदूक दाखव, जिच्यात इस्तो नाई."

"हाय न. तिले लाठी म्हनतेत."

पाटलाला राग आला, पण गरज त्याची होती. दाऊदनं एकेक बंदूक काढली. पहिली चकमकीची, चाप ओढला की गारेतून ठिणगी उडते. "ठिनगी कुठं पडन याचा काय नेम?" म्हणून पाटलानं ती बाजूला सारली. दुसरी नव्या चालीची, टोपीची. आग टोपीतच दडलेली. "दडून बसलेल्या इस्त्याचा काय भरोसा? अंधी-चोरटी चीज!" तीही गेली. तिसरी जुनी, तोड्याची, चांगली पाटलाच्या डोक्यावर हातभर लांब. तिच्या तोड्याचं, म्हणजे सुती दोरीचं, टोक पेटवून ठेवायचं. चाप दाबला की ते टोक दारूवर टेकतं आणि बार उडतो.

"हे!" पाटील खूश झाला. "इस्तो कसा डोळ्यांपुढं हाय! दिसनारा दुश्मन बरा."

"पन हे दोरी सदा पेटलेलीच ठेवा लागते का, भाऊ?" मनकर्णेनं विचारलं.

"चोर आल्यावर पेटवत बसाल, भाभी, तं चोर थांबनार थोडाच?"

मनकर्णेनं दोरीचं टोक बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाली, "घ्या, घ्या. हेच घ्या." इतक्या वर्षांत ती नवऱ्याच्या म्हणण्याला एका शब्दात हो म्हणाली नव्हती. पाटलानं तिथंच घाबरायला हवं होतं, पण हौसेपुढं माणसाला काही सुचत नाही.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती बंदूक घरी आली. पेटत्या दोरीची चीज घरात नेता येईना. मग तीही कडुनिंबाखाली, चुलीशेजारी. चुलीशेजारी बंदूक, तर दारू तिथं कशी ठेवणार? दारू गेली मारुतीच्या देवळात. गोळ्यांची पिशवी पाटलानं सांभाळून माजघरात ठेवली; तिच्यावर कापूस घसरला आणि पिशवी दिसेनाशी झाली. म्हणजे चोर आले तर पाटलानं देवळाकडं पळायचं, दारू आणायची, मग कापूस उपसून गोळ्या शोधायच्या, मग बार ठासायचा. तोवर चोरांनी मनकर्णेच्या हातची भाकर खाऊन घ्यावी! पण हे विचारतो कोण? गावातली रिकामी माणसं बंदूक पाहायला येत आणि पाटील बाजेवर मांडी घालून, दोरी पेटवून, मिशीला पीळ देत बसे.

अशाच एका दुपारी अंगण माणसांनी भरलेलं असताना सुभद्रेनं कडुनिंबाचं खोड दोन्ही हातांनी धरलं आणि खाली बसली. माणिकबाई सुईण धावत आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. "खोली कुठं हाय?"

"उठा," मनकर्णा नवऱ्याला म्हणाली. "खोली मोकळी करा."

"आज? अवं, दलाल कालच सांगून गेला, भाव अजून चढन म्हने. आजच्या दिवस शेजारी नेऊ न पोरीले..."

"माहेर असून माही लेक दुसऱ्याच्या दारात बाळंत होईन?"

मनकर्णेनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं बाजेवरची बंदूक उचलली, पदर खोचला आणि सरळ कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दोरीचं लाल टोक कापसापासून वीतभर लांब. नेम नवऱ्यावर नव्हता, कापसावर होता.

"अवं, हे काय करून राहिली! तिच्यात बार नाई!"

"बार कोनाले पायजे? दोरी पेटली हाय न." तिचा आवाज चिरकत होता. "एक खोली मोकळी करता, का सारंच घर मोकळं करू?"

अंगणात कुणी हललं नाही. खरं सांगायचं तर आपण हे खरंच करू की नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पाटलानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. असा चेहरा त्यानं एकदाच पाहिला होता, ते बिननावाचं पोर तिच्या मांडीवरून उचलून नेलं त्या सकाळी. तेव्हाही त्यानं काही केलं नव्हतं, नुसता उभा राहिला होता.

"पाहून काय राहिले रे!" तो एकदम माणसांवर ओरडला. "उचला! उपसा!"

मग काय विचारता! बंदूक पाहायला आलेल्या रिकाम्या माणसांना जन्मात पहिल्यांदा काम मिळालं. कवळ्यांनी, धोतराच्या ओच्यांत, गोधड्यांत भरभरून कापूस अंगणात येऊ लागला. ढीग पसरत पसरत चुलीपर्यंत आला, तेव्हा मनकर्णेनं स्वतःच्या हातानं घागर चुलीवर उपडी केली. खोली झाडली, बाज टाकली, सुभद्रेला आत नेलं. जाताना मनकर्णेनं घाईघाईत पेटत्या दोरीसकट बंदूक नवऱ्याच्या हातात कोंबली.

थोड्या वेळानं आतून आधी बारीक रडणं आलं आणि लगेच माणिकबाईची हाक आली, "इस्तो आना वो! लवकर! पोरगी झाली, पन गार पडून राहिली!"

मनकर्णा बाहेर धावली. चुलीत ओली राख. शेजारीपाजारी दुपारच्या चुली केव्हाच विझलेल्या. कुणाच्या राखेत निखारा सापडेल आणि केव्हा!

"आन ते शेगडी," पाटील म्हणाला. तो उकिडवा बसला. शेगडीत वाळल्या गोवऱ्या रचल्या. मग हात मागं नेऊन त्यानं ढिगातून मूठभर कापूस ओढला, गोवऱ्यांत खोचला, पुन्हा एक मूठ ओढली, आणि बंदुकीच्या दोरीचं पेटतं टोक त्यावर टेकवून गाल फुगवून फुंकू लागला. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निदान तो तरी धूरच म्हणत होता. कापूस भप्पकन पेटला, गोवरी धरली, आणि मनकर्णा शेगडी उचलून आत पळाली.

पोरीनं पुन्हा टाहो फोडला, आणि यावेळी तो वेशीपर्यंत ऐकू गेला.

दिवस कलता कलता अमरावतीच्या दलालाच्या गाड्या बोलावायला माणूस गेला, कारण उघड्यावर कापूस किती ठेवणार? वरच्या आळीचे म्हातारे भगवंतराव काठी टेकत चौकशीला आले. दुपारच्या गडबडीत ते नव्हते.

"पाटील, बंदूक चालली म्हने आज?"

"चालली न."

"अन् कोन पडलं?"

"मी," पुंजाराम म्हणाला, आणि दारातून बाजूला सरकून बसला, कारण मनकर्णा गोवऱ्या घेऊन आत जात होती.