पुन्हा पहिल्यापासून

चेलो वाजवणारी ती, व्हायोलिनवर तिचा दादा आणि क्लॅरिनेटवर लंबू. तिघांचा एकच हट्ट होता: संगीतकार हयात असेल, तरच त्याचं वाजवायचं. लोकांनी त्यांना कधीच वेड्यात काढलं होतं. सभागृहाचा व्यवस्थापक तर हात धुऊन मागे लागला होता.

"अहो, मेलेल्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" कार्यक्रमाआधी तो रंगमंचामागच्या खोलीत येऊन म्हणाला. "ती नवी रचना गाळा. मागच्या वेळी असल्याच एका रचनेला अर्धी माणसं उठून गेली."

"मेलेल्यांचं वाजवायला अख्खं जग आहे," गजाला राळ घासत ती म्हणाली.

"आणि नाही वाजवलं तर त्यांना वाईटही वाटत नाही," लंबूने पुस्ती जोडली.

व्यवस्थापक पाय आपटत गेला. दादाला मात्र घाम फुटला. "एखादं जुनं घेऊ ना गं. काय बिघडतं?"

"बाई पहिल्या रांगेत बसल्यात. तूच जाऊन सांग त्यांना."

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर त्यांनी रचना लिहिल्या आणि कपाटात ठेवल्या. त्यातला एक सूरही कुणी वाजवला नव्हता. दादा सांगायला गेला नाही. तोंड पाडून थेट मंचावर जाऊन बसला.

बाईंच्या रचनेत सुरुवातीला सूर नव्हताच. तिने तारांवर गज नुसता घासायचा, धाप लागल्यासारखा, आणि बाकी दोघांनी त्यात एकेक सूर सोडायचा. खुर्च्या करकरू लागल्या. कुणीतरी फिसकन हसलं. मग मागून भारदस्त आवाज आला, "पुरे! हे काय सुतारकाम चाललंय?" हशा पिकला.

तिने गज उचलला. बाई मान खाली घालून पर्सच्या बंदाशी चाळा करत होत्या. ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं," ती म्हणाली. "आम्ही हे पुन्हा पहिल्यापासून वाजवणार. परत कुणी ओरडलं, तर परत पहिल्यापासून."

व्यवस्थापक विंगेतून दिवे घालवायचे हातवारे करत होता. दादाकडे पाहायचा तिला धीर होईना. पण सगळ्यांत आधी व्हायोलिन हनुवटीखाली गेलं ते त्याचंच. "दिव्यांना हात लावाल तर याद राखा!" त्याने विंगेकडे पाहून ठणकावलं.

बरीच माणसं उठली. दारं धाडधाड वाजत राहिली, हे तिघेही वाजवत राहिले. शेवटी उरले ते मूठभर, पण त्यांच्यातलं कुणी खोकलंसुद्धा नाही.

"पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही!" व्यवस्थापक ओरडला. ती चेलो पेटीत ठेवत राहिली. तेवढ्यात बाई आल्या. डोळे लाल होते, आवाज मात्र वर्गातला. "मधल्या भागात घाई केलीस."

"लोक चालले होते ना, बाई."

"जाईनात का! त्यांच्यासाठी आपण का पळायचं?"

पुढच्या महिन्यात दादाच्या बायकोच्या शिवणवर्गात यंत्रं भिंतीशी सरकवून त्यांनी बाईंच्या आणखी दोन रचना वाजवल्या. जागा पुरेना, तेव्हा लोक कापड बेतायच्या टेबलावर चढून बसले.

"टेबल मोडलं तर बघा हं," वहिनी दटावत म्हणाली, आणि स्वतःही वर चढून बसली.